भिंगरीसाठी टेम्पोमागच्या ओळी

ती घटना विसरायची ठरवली तरी विसरता येत नाही, कारण आमच्या पिंपरी-चिंचवडात रस्त्यावर उतरलं की पुढं एखादा टेम्पो असतोच आणि त्याच्या मागं काहीतरी लिहिलेलंही असतंच. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पितळ सोनं म्हणून विकून पळालेले भामटे पाहिले. त्यातलं बरंचसं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलंय. ही केस मात्र शाबूत आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात ना गुन्हा दाखल झाला, ना कुणाला बेडी पडली. नावं कुणाचीच देणार नाही. मुलीचं लाडाचं नाव मी इथं भिंगरी असं लिहितो. खरं वेगळं होतं, पण तसंच घरगुती.

पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय होऊन काही वर्षं झाली होती. रहाटणी-काळेवाडीचा भाग आमच्या ठाण्याच्या हद्दीत यायचा आणि मी तिथं पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकली की थोडा वेळ मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा राहायचो. आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं असे. माझ्या केबिनपर्यंत पोचता पोचता लोकांची गोष्ट इस्त्री होऊन येते. एके दिवशी तिशी ओलांडलेली एक बाई आली, अंगात कंपनीचा निळा एप्रन तसाच. भोसरीतल्या एका कारखान्यात ती तयार पार्ट तपासायच्या कामावर होती आणि शिफ्ट सोडून आली होती. अंमलदारानं काय काम म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माझ्या मुलीला पळवून नेणार आहेत." कोण म्हटल्यावर म्हणाली, "तिचा बाप."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिची हकीकत सरळ होती. दोघं मराठवाड्यातून पोटासाठी इकडं आलेले. नवरा पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला होता. ते युनिट बंद पडलं, मग तो कंत्राटावर कुठंकुठं जायला लागला आणि त्याच काळात दारूला लागला. हात कधी उचलला नाही, हे तिनं आपण होऊन सांगितलं. पण घरात भांडी फुटायची, पोरगी कॉटखाली जाऊन बसायची. शेवटी ती भावाकडं निघून गेली आणि कोर्टात गेली. तो तारखांना आलाच नाही. निकाल एकतर्फी झाला, मुलीचा ताबा आईकडं आला. त्यानंतर एकदा तो दारू पिऊन भावाच्या जुन्या घरासमोर उभा राहिला आणि सगळ्या गल्लीदेखत ओरडला, की पोरीला उचलून नेईन, तुला तिचं तोंड दिसायचं नाही. तेव्हा तिनं तक्रार दिली होती आणि अदखलपात्र नोंद झाली होती. त्याची प्रत तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. मग भावानं रहाटणीत फ्लॅट भाड्यानं घेतला, हिनं मोबाइल नंबर बदलला, नातेवाइकांना पत्ता कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली. नवरा त्यानंतर कुठं गेला, कुणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं सांगून तिनं मोबाइल पुढं केला. त्यात गाड्यांचे फोटो होते. भाजीच्या एका पिकअपच्या मागं लिहिलं होतं, 'भिंगरे, रस्ता दोन्हीकडं बघून ओलांड.' पाण्याच्या टँकरवर होतं, 'भिंगरे, दूध पिताना तोंड वाकडं करू नकोस.' खरं सांगतो, मला हसू येत होतं. आपले लोक गाडीमागं काय लिहितील याचा नेम नाही. मग तिनं तिसरा फोटो दाखवला. एका कामगारांच्या बसवर मागच्या काचेखाली ओळ होती, 'भिंगरे, गुडघ्याची खूण गेली का?'

तिघं भोसरीत राहत असताना जिन्यावरून पडून पोरीच्या गुडघ्याला टाके पडले होते. भिंगरी हे नावही शाळेत कुणाला माहीत नव्हतं. त्या नावानं हाक मारणारी तीनच माणसं, आई, बाप आणि बापाची आई. म्हातारी वारली होती. या गाड्या तिच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर दिसत होत्या.

"तो आमच्यावर नजर ठेवून आहे साहेब," ती म्हणाली. "'मी इथंच आहे, कधीही नेईन' हे मला कळावं म्हणून चाललंय हे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून असल्या धमक्या सोडून देणारे अधिकारी मी पाहिलेत. पुढं त्यांचं काय झालं तेही पाहिलंय. धमकी नोंदीवर होती, माणूस बेपत्ता होता आणि पोरीच्या रस्त्यावर तिच्या घरातल्या गोष्टी लिहिलेल्या गाड्या फिरत होत्या. पोरगी नऊ वर्षांची. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि तपास पथकातल्या एका महिला हवालदाराकडं काम दिलं. बाई कामाची पक्की आणि तोंडानं फटकळ. तिला साध्या वेशात शाळेच्या फाटकाशी उभं केलं. मुलीला मामानंच आणायचं-सोडायचं, असं आईला बजावून सांगितलं.

गाड्यांचे नंबर हाती होते, म्हणजे दोन दिवसांत माणूस सापडेल असा आमचा हिशेब होता. तो साफ चुकला. टँकरच्या मालकाला बोलावलं. तो म्हणाला, ते ड्रायव्हरनं लावलं असेल, त्याची पोरगी असेल. ड्रायव्हरला बोलावलं, तर तो म्हणाला, मालकाच्या लेकीचं नाव आहे ना ते, मी कशाला लावतोय? बसचंही तेच. कंत्राटदार म्हणाला ड्रायव्हरची मुलगी, ड्रायव्हर म्हणाला शेठची नात. दोघं एकाच धंद्यात, रोज एकमेकांचं तोंड बघणारे, आणि भिंगरी कोण हे एकानं दुसऱ्याला कधी विचारलेलं नाही. हवालदारबाई वैतागून म्हणाल्या, साहेब, ही पोरगी कुणाचीच नाही आणि सगळ्यांचीच आहे.

पण त्यात त्या लोकांचा काही दोष नव्हता. आपल्याकडं गाडी घेतली की मागं पोराबाळांची नावं येतातच. पुढं देव, मागं लेकरं. ते नाव कुणाचं हे विचारायचं नसतं, ते मालकाच्या घरातलंच असणार हे आपण धरून चालतो. पोलीसही त्याच मातीतले. आम्हीही मालकाच्या घरात भिंगरी शोधत बसलो आणि आठवडा घालवला. दरम्यान शाळेच्या फाटकाशी संशयास्पद कुणी दिसलं नव्हतं. आईचा मात्र रोज फोन यायचा आणि तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. ती शिफ्टला जाईना, पोरीला गॅलरीतही उभी राहू देईना.

मग काळेवाडी फाट्याजवळच्या नाकाबंदीत ते भाजीचं पिकअप सापडलं. चालवणारा राजगुरुनगरकडचा, गावातल्या जुन्या घरातला साठीचा माणूस होता. त्याची जमीन कारखान्यांत गेली होती, पण हातपाय स्वस्थ बसत नव्हते म्हणून गाडी घेऊन रोज भाजी आणायचा. मालक कोण विचारलं तर म्हणाला, मीच मालक, मीच डायवर. इथं ढकलाढकलीला जागा नव्हती. भिंगरी कोण, असं विचारल्यावर तो बिचकला नाही की अडखळला नाही.

"आमच्यात भिंगरी कोनी न्हाई साहेब. मला दोन पोरगेच हायेत. चाकणच्या रेडियमवाल्यानं लावलंय ते. म्हनला, मागं मोकळी जागा बरी दिसत न्हाई, एक वळ माझ्याकडून. चांगली वळ हाय, म्हनून म्या बी ऱ्हाऊ दिली."

गाड्यांवर चिकटवायची जी चकचकीत अक्षरं असतात, त्यांना आपल्याकडं सगळे रेडियम म्हणतात आणि ती कापून लावणारा तो रेडियमवाला. मी म्हाताऱ्याला आणखी एक विचारलं, लावण्याआधी तो काही बोलला का? तो म्हणाला, व्हय, गाडी कुठं जाती म्हनून इचारलं. म्या म्हनलं, रोज पिंपरी-चिंचवडात. मग त्यानं ही वळ काढली. माझ्याफुडं नाशिककडं जानारी एक गाडी व्हती, तिला साधी कसलीतरी शायरी लावली.

हे ऐकून माझा संशय वाढला. कुठली गाडी कुठं जाते हे विचारून जो माणूस निवडून ओळी लावतो, त्यानं पोरीचा रस्ता हेरलेला असणार, असंच मला वाटलं. आईचं म्हणणं खरं ठरत होतं.

चाकण ठाण्याला कळवून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधून चाकणला वेळेवर पोचणं हा स्वतंत्र तपासाचा विषय आहे, तो इथं काढत नाही. तळेगावच्या रस्त्याला ट्रक उभे राहतात त्या बाजूला एक पत्र्याचं दुकान होतं. जीप लांब ठेवली. मी आणि हवालदारबाई गिऱ्हाईक म्हणून चालत गेलो. आत चाळिशीचा, हाडं वर आलेला एक माणूस मशीनवर अक्षरं कापत होता. मागं पडदा, पडद्यामागं एक गॅसची शेगडी, एक ताट, एक तांब्या. एका माणसाचा संसार लगेच ओळखू येतो.

मी म्हटलं, टेम्पोमागं नाव टाकायचंय. त्यानं वर न बघता विचारलं, गाडी कुठं जाते? मी म्हटलं, सिन्नरला. त्यानं नमुन्यांचं पान पुढं सरकवलं. तेवढ्यात हवालदारबाई म्हणाल्या, छे हो, ती विकली, आपली चिंचवडची गाडी आहे. त्या माणसानं मान वर केली. मशीन थांबवलं. मग जरा संकोचानं, एखाद्यानं उसनं मागावं तसं म्हणाला, "चिंचवडची असंल तर एक ओळ माझ्याकडून टाकू का? तिचं काही नका देऊ."

मी ओळखपत्र दाखवलं. पळायचा त्यानं विचारसुद्धा केला नाही. मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि आमच्यासोबत निघाला. कुलूप लावायला विसरला, ते बाईंनी लावलं.

ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला. आरोपीला चहा देण्यावरून माझी खात्यात बरीच चेष्टा व्हायची. पण कप धरलेला हात पुष्कळ सांगतो. याचा हात स्थिर होता आणि उत्तरं मात्र गोल. भिंगरी कोण? अशीच, साहेब. ओळी का लावतोस? दिसायला बऱ्या दिसतात. बायको-मुलगी आहे का? होती. धमकी दिली होतीस? दिली होती. दारूत दिली होती. आता पितोस का? नाही, दुकान लागल्यापासून शिवलो नाही. प्रत्येक पिणारा हेच म्हणतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तासभर असंच चाललं. मला त्याचा राग यायला लागला होता. तिकडं ती बाई भीतीनं अर्धी झाली होती आणि हा माणूस कपाकडं बघत बसला होता.

शेवटी मी टेबलावर हात ठेवून म्हटलं, "हे बघ, आता पुरे. तुझी पोरगी ज्या रस्त्यानं शाळेत जाते, त्याच रस्त्यावर तुझ्या गाड्या कशा? पोरगी रोज वाचतेय ते. तिची आई घाबरून गेलीय. तू तिथं पाळत ठेवतोस की नाही, ते सांग."

त्यानं कप खाली ठेवला. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

"तिनं वाचलं?"

मी मान हलवली.

"साहेब, लेकरानं वाचलं? खरंच वाचलं?" आणि मग अगदी हळू, "वाचून काय म्हणली?"

मी तीस-बत्तीस वर्षं माणसांना प्रश्न विचारत आलो. खोटी उत्तरं देणारे पुष्कळ भेटले, आणि त्यातले काही इतके हुशार की त्यांची उत्तरं आजही खरी वाटतात. पण पोरगी उचलायची असलेला माणूस त्या क्षणी विचारतो, कुठल्या रस्त्यावर? कुठली शाळा? निदान नजरेत तरी ते येतं. यानं रस्ता विचारला नाही, शाळा विचारली नाही, आई कुठं राहते विचारलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की ती काय म्हणाली. माझ्यापुरता तपास तिथंच संपला. बाकी राहिली ती खात्री करायची रीत.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. पोरगी कुठं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एका नातेवाइकानं दया येऊन एवढंच सांगितलं होतं की पिंपरी-चिंचवडातच आहे, गावाकडं नेलेली नाही. फोन लागत नव्हता. कोर्टाच्या तारखांना गेलो नाही कारण कंत्राटदार सुट्टी देत नव्हता, हे त्यानं आधी सांगितलं, मग स्वतःच म्हणाला, नाही साहेब, सुट्टी मिळाली असती, तोंड दाखवायची लाज वाटत होती. एका ओळखीच्याकडं रेडियमचं काम शिकला, दुकान टाकलं. "दिवसभर लोकाच्या लेकरांची नावं कापतो साहेब. हा म्हणतो माझ्या स्वराचं टाक, तो म्हणतो माझ्या विराजचं टाक. हात आपलं काम करतात. एक दिवस चिंचवडची गाडी आलती. मागं जागा मोकळी होती. म्हणलं, टाकून बघावं. कोण्या गल्लीत ऱ्हाती मला काय ठाव? म्हणलं, लई गाड्या फिरल्या तर एखादी जाईल तिच्या समोरून. न्हाई गेली तरी लिहिलेलं तर राहील."

मी विचारलं, स्वतः का गेला नाहीस शोधायला? तो म्हणाला, मी दिसलो तर ती परत कॉटखाली जाऊन बसल. मी उठून खिडकीशी गेलो आणि अंमलदाराला उगाच काहीतरी विचारलं.

खात्री करायची ती केलीच. त्याच्या मोबाइलचं लोकेशन काढलं. चाकण सोडून तो कुठं गेलाच नव्हता, माल आणायला भोसरीपर्यंत तेवढा. आजूबाजूच्या दुकानदारांचे जबाब घेतले. दारू सोडल्याचं सगळ्यांनी सांगितलं, आणि सणालाही तो दुकान बंद करत नाही, असंही सांगितलं. बंद करून जाणार कुठं, असं एका पंक्चरवाल्यानं विचारलं.

आता राहिली पोरगी. लहान मुलांशी गणवेशात बोलायचं नसतं, म्हणून हवालदारबाई पंजाबी ड्रेस घालून रहाटणीच्या फ्लॅटवर गेल्या. आई स्वयंपाकघरात बसली. बाईंनी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, गाडीमागचं तू वाचतेस का गं? पोरीनं आधी आईच्या दिशेनं बघितलं. मग एकदम सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. आईला ज्या माहीत होत्या त्या, आणि माहीत नव्हत्या त्याही. कितीतरी. शाळा सुटल्यावर ती रस्त्याच्या कडेला मुद्दाम रेंगाळायची. ती सांगत गेली आणि बाईंच्या लक्षात आलं की ती नुसती वाचत नव्हती.

भाजीचं पिकअप शाळेजवळ उभं राहतं. त्याच्या मागच्या फळीवर धूळ बसलेली असते. पोरगी त्या धुळीत बोटानं उत्तर लिहायची. गुडघा बरा आहे. दूध पिते. पाढे सतरापर्यंत येतात. तिचा समज असा, की ही गाडी पप्पांकडून येते म्हणजे संध्याकाळी पप्पांकडंच परत जात असणार. म्हातारा रोज गाडी पुसून घरी जायचा, आणि त्याला वाटायचं शाळेतली कार्टी वात्रटपणा करतात.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाईंनी मला नंतर सांगितलं, की आता ती पोरीवर ओरडणार असं वाटलं. पण ती खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" पोरगी म्हणाली, "तू रडली असतीस."

मी त्या आईला दोष देणार नाही, कुणी देऊही नये. भांडी फुटताना त्या घरात ती होती, आपण नव्हतो. ती ठाण्यात आली तेव्हा मी तिला काय घडलं ते सगळं सांगितलं आणि तुमचा पत्ता त्याला दिलेला नाही, देणारही नाही, असं स्पष्ट सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्याला आधी त्या सगळ्या ओळी काढायला सांगा. माझ्या पोरीचं नाव रस्त्यावर नको. मग बघू.

ओळी लावणं हा काही गुन्हा नव्हता, त्यामुळं त्या काढायला लावायचा मला अधिकारही नव्हता. मी त्याला बाईचं म्हणणं फक्त कळवलं. त्यानं लगेच मान डोलावली. रेडियम काढणं लावण्यापेक्षा अवघड. गरम हवेनं अक्षर सैल करायचं, मग नखानं कड उचलायची. ज्या गाड्या पुन्हा चाकणला आल्या त्यांच्या काढल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी दुकान बंद ठेवून देहू, राजगुरुनगर असा फिरला. पिंपरी-चिंचवडात मात्र पाऊल टाकलं नाही, तिथल्या मालकांना फोन करून चाकणला यायची विनवणी केली. गिऱ्हाईकं म्हणायची, राहू दे की भाऊ, चांगलं दिसतंय. हा ऐकायचा नाही. एकदा त्या बाजूनं जाताना मी दुकानात डोकावलो, तर एका टेम्पोमागं उभा राहून तो 'दूध' हा शब्द सोलत होता. मला बघून म्हणाला, साहेब, लावताना कदी एवढं लागलं न्हवतं मनाला.

त्याला मी मोफत विधी सेवेच्या वकिलाकडं पाठवलं. कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीनं चाललं. त्यानं या वेळी एकही तारीख चुकवली नाही. आईनं विरोध केला नाही, फक्त अट घातली की भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीतच व्हावी आणि पहिल्या भेटीला साहेबांनी थांबावं. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. मी साध्या कपड्यांत जाऊन दाराशी उभा राहिलो.

त्या खोलीत भिंतीवर चित्रं काढलेली असतात आणि खुर्च्या बुटक्या असतात. तो वेळेच्या बराच आधी आला होता. इस्त्रीचा शर्ट होता, पण बोटांना चिकट गोंद तसाच होता. पोरगी आली, दोन पावलांवर थांबली. ज्या माणसानं निम्म्या शहरावर ओळी लिहिल्या, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, जेवलीस का? तिनं मान हलवली. पुन्हा गप्प. मला वाटलं, असाच तास जाणार.

मग पोरगी म्हणाली, "पप्पा, तू सगळं गाडीच्या मागंच का लिहायचास? गाडी पुढं निघून गेली की मगच वाचता यायचं. मी पळायची मागं."

तो उभ्यानंच खाली बघत म्हणाला, "पुढं जागा नसती गं लेकरा. पुढं देवाचं नाव असतं."

पोरीनं एक बुटकी खुर्ची ओढली, दुसरी तिच्या बरोबर समोर ठेवली आणि म्हणाली, "मग आता समोर बस."

तो बसला. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले होते. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर आईशेजारी जाऊन बसलो. आतून आधी काही ऐकू येत नव्हतं, मग पोरीचा आवाज यायला लागला आणि तो थांबला नाही.

महिन्यातून एक तास, असा हुकूम झाला. तो पुरतो का? नाही पुरत. उरलेल्या दिवसांत तो माणूस त्याच पत्र्याच्या दुकानात एकटाच लोकांच्या लेकरांची नावं कापत असतो आणि एका ताटात जेवतो. मी काही कुणाचा संसार जोडला नाही, आणि तसा दावाही करत नाही. ताब्यासाठी भांडणारे आईबाप मी आधीही पाहिले होते आणि त्यांना आम्ही ठरलेले प्रश्न विचारायचो. धमकी दिली का, पळवून नेलं का, खर्च देतो का. उत्तरं लिहून घ्यायची आणि सही घ्यायची. माणूस काय उत्तर देतो याच्यावरच आमचं सगळं लक्ष असे. या केसनं मला शिकवलं की तो काय विचारतो, हेही ऐकायचं असतं. निवृत्तीनंतर मी इथं एकटाच राहतो, मुलगी सासरी लांब आहे. तिचा फोन आला की मीही जेवलीस का विचारून गप्प बसायचो. आता तसं करत नाही. फोन ठेवायच्या आधी जे बोलायचं राहिलंय ते बोलून टाकतो, मग ती हसली तरी चालेल.